कॅमेरा बदलताना

कोल्हापुरात कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. खरी कॉर्नरला जाता-येता तो दिसतो. पुतळे आपल्याकडे गावोगावी आहेत, पण यंत्राच्या आठवणीसाठी स्तंभ उभारणारे गाव विरळाच. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून काम चालू ठेवले आणि १९१८ मध्ये कॅमेरा तयार केला. त्याच्या काही वर्षे आधी, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळके लंडनला जाऊन विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले होते. म्हणजे ‘कॅमेरा विकत घ्यावा की जमवावा’ हा प्रश्न मराठी माणसापुढे शंभर वर्षांपूर्वीच आला होता. एकाने विकत घेतला, दुसऱ्याने घडवला, आणि दोघांनीही नंतर कामच करून दाखवले.

त्याच कंपनीत आमच्या शेजारच्या कागलचा एक माणूस होता. शेख फत्तेलाल, सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९३६ चा ‘संत तुकाराम’ दामले आणि फत्तेलाल या जोडीचा. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट आजही लोक डोळे पुसत पाहतात. तुकोबांचे देहू पडद्यावर उभे करणाऱ्या दोघांतला एक कागलचा मुसलमान होता, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. पोरे पहिल्यांदा ऐकतात तेव्हा एकमेकांकडे बघतात.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे मी नवीन कॅमेरा घेतोय. पेशाने मी शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. फोटोग्राफी हा माझा धंदा नाही. पण गेली दहा-अकरा वर्षे शाळेचे कार्यक्रम, नात्यातले निकाह, मोहरमचे पंजे, गावोगावचे उरूस आणि म्हातारी माणसे टिपत आलोय. हे कळल्यापासून नात्यातली आणि शाळेतली तरुण पोरे विचारतात, “सर, कुठला घ्यावा? कॅनन, निकॉन, की सोनी?” या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगतो. कॅनन ७००डी, २०१३ सालचे मॉडेल, १८ मेगापिक्सेलचे. सोबत आलेली १८-५५ ची लेन्स, एक ५० मिलिमीटर एफ/१.८ आणि एक चपटी २४ मिलिमीटर एफ/२.८. या सामानाने मला पुष्कळ दिले. उन्हातले फोटो आजही कुणाला दाखवले तर ‘हा जुना कॅमेरा’ असे कुणी ओळखणार नाही. उजेडात तर हल्लीचा मोबाईलसुद्धा उत्तम काम करतो. त्यामुळे ज्याला पन्हाळ्याची सहल, रंकाळ्याचा सूर्यास्त आणि लेकरांचे वाढदिवस टिपायचे आहेत, त्याने कॅमेऱ्यावर पैसे घालूच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी अडचण अंधाराची आहे. आपल्या लोकांच्या आयुष्यातले टिपण्यासारखे बरेच काही कमी उजेडात घडते. दर्ग्याच्या आतला भाग, जिथे एखादा पिवळा बल्ब आणि ऊद-लोबानचा धूर. निकाहची खोली. फजरनंतरची गल्ली. गुऱ्हाळघरात काहिलीभोवती उभी माणसे. आणि खत्तलरात्र! बाबूजमालचा नाल्या हैदर पंजा बाहेर पडतो, तालमी-तालमींचे पंजे भेटीला येतात, वाद्ये, गर्दी, पळापळ. त्या गर्दीत मुसलमान किती आणि हिंदू किती हे मोजायचा विचार कोल्हापुरात कुणाच्या मनात येत नाही. हे चित्र टिपायला दुसऱ्या दिवशी परत जाता येत नाही. वर्षातून एकदाच ती रात्र.

अशा ठिकाणी फ्लॅश मारणे मला जमत नाही. फातेहा चाललाय, कुणी डोळे मिटून हात वर केलेत, आणि आपण तोंडावर वीज पाडायची, याला काय म्हणावे? म्हणून जो उजेड आहे त्यातच भागवायचे.

आता थोडे गणित. शिक्षक आहे, फळ्याशिवाय बोलता येत नाही. सोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स ५५ वर नेली की तिचे तोंड एफ/५.६ पर्यंतच उघडते. ५० ची साधी लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. ५.६ ला १.८ ने भागा आणि वर्ग करा. उत्तर साडेनऊच्या पुढे येते, म्हणजे जवळपास दहापट उजेड. आता बॉडी बदलून काय मिळते ते पाहा. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ३३२ चौरस मिलिमीटर. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४, म्हणजे ८६४. फरक अडीचपटीच्या थोडा वर. लेन्स दहापट देते, मोठा सेन्सर अडीचपट. आणि ५० ची लेन्स ही सगळ्या सामानातली सर्वांत स्वस्त वस्तू! त्यामुळे जो पोरगा सोबतच्या लेन्सवरच अडून आहे आणि ‘सर, बॉडी बदलू का’ म्हणतो, त्याला मी आधी लेन्स घ्यायला लावतो. वर्षभर तीच वापर, मग ये.

पण लेन्स घेऊन झाली, तरी भागत नाही असाही टप्पा येतो. लहान सेन्सरवर ५० ची लेन्स ८० सारखी वागते. दर्ग्याच्या आत भिंतीला पाठ लावून उभे राहिले तरी समोरच्या माणसाचा चेहराच येतो, त्याचे हात, चादर, जाळी, मागची मंडळी काही येत नाही. २४ ची लेन्स सगळे घेते, पण एफ/२.८ वर उजेड कमी पडतो. मग आयएसओ ६४०० वर न्यावा लागतो आणि काळ्या शेरवानीवर रंगीत वाळू सांडल्यासारखे दिसते. इथे मात्र अडीचपट मोठा सेन्सर खरोखर उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. आरशाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला आरसा उचलतो आणि खाली आदळतो. निकाहच्या वेळी काझीसाहेब ‘कबूल है?’ विचारतात, सगळीकडे शांतता, आणि माझा ‘खटॅक’. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत आरसाच नाही, आणि इलेक्ट्रॉनिक शटर लावले तर आवाजही नाही. हे ऐकून कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला. तसे नाही. हल्ली मंडपात सगळीकडे एलईडीचे दिवे असतात. ते डोळ्याला न दिसणाऱ्या वेगाने लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने टिपते. परिणामी फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. बल्ब किंवा मेणबत्ती असेल तर बिनआवाजी, एलईडी असेल तर साधे शटर, हे वापरणाऱ्यालाच ठरवावे लागते. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

तिसरी गोष्ट चंद्राची आहे, आणि ही मला कुठल्याही समीक्षेत वाचायला मिळाली नाही. हिजरी वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान. त्यामुळे मोहरम दरवर्षी मागे सरकतो. २०१८ आणि २०१९ मध्ये पंजे आणि गणपती एकाच वेळी बसले होते, कोल्हापूरकरांना ते दिवस चांगले आठवतात. २०२४ मध्ये आशुरा १७ जुलैला आला, २०२५ मध्ये ६ जुलैला. म्हणजे आता ऐन पावसात. येती काही वर्षे तो जूनमध्ये आणि मग मे महिन्याच्या वळवात जाणार. कोल्हापूरचा जुलैतला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. अमेरिकेतला किंवा जपानमधला समीक्षक कॅमेऱ्याच्या पाणीरोधक बांधणीला चार ओळी देतो. माझ्यासाठी तो पहिल्या पानावरचा मुद्दा आहे.

आता निवड. सोनीचे ए७ थ्री २०१८ चे, आजही अंधारात दमदार, जुने मिळते. निकॉनचे झेड६ त्याच वर्षीचे, हातात धरायला फार छान. पण माझ्या लेन्स कॅननच्या. कॅननने आपले ईएफ माउंट १९८७ मध्ये आणले, आणि त्या काळापासूनच्या ईएफ लेन्स एका अडॅप्टरने नव्या आर मालिकेवर चालतात, फोकससुद्धा बिनतक्रार होतो. निकॉनचे जुने ग्राहक इथे जरा जपून असावेत. ज्या जुन्या निकॉन लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही आणि ज्यांना कॅमेऱ्याच्या बॉडीतला स्क्रू फिरवतो, त्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर बसतात खऱ्या, पण त्यांचा फोकस हाताने करावा लागतो. घरात वडिलांच्या जुन्या लेन्स आहेत म्हणून निकॉन घेणाऱ्याने हे आधी तपासावे. कॅननमध्येही एक मेख आहे. माझी २४ ची लेन्स लहान सेन्सरसाठी बनवलेली, ती फुल फ्रेमवर लावली की कॅमेरा मधला भागच वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे सुमारे साडेनऊ उरतात.

शेवटी माझ्यापुढे तीन वाटा उरल्या. पहिली, जुना ५डी मार्क फोर. २०१६ चा, ३० मेगापिक्सेल, मजबूत, माझ्या ५० च्या लेन्ससाठी अडॅप्टरही नको. पण वापरलेला घेताना शटर किती वेळा चालले ते पाहावे लागते. कंपनीने दीड लाखांची खात्री दिलेली आहे, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडचा कॅमेरा तो आकडा कधीच ओलांडून गेलेला असतो. दुसरी वाट, आर६ मार्क टू. दोन कार्डांची सोय, बॉडीतच हात स्थिर ठेवणारी यंत्रणा, मोठी बॅटरी, पावसात अधिक भरवशाची बांधणी. तिसरी, आर८. आत तोच २४ मेगापिक्सेलचा सेन्सर, वजन बॅटरीसह अर्धा किलोही नाही, किंमत बरीच कमी. पण कार्ड एकच, बॅटरी लहान, आणि बॉडीत स्थिर करणारी यंत्रणा नाही.

राजारामपुरीतल्या एका दुकानात तासभर घालवला. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, “सर, दोन कार्डांचाच घ्या. लग्नाची ऑर्डर घेतली तर एका सीझनमध्ये पैसे वसूल.” मी म्हटलं, “बाबा, ऑर्डर घ्यायचीच नाही. शाळा कोण घेणार मग?” तो हसला. पण त्याच्या बोलण्यात तथ्य होते. ज्याला पैसे घेऊन दुसऱ्याचे लग्न टिपायचे आहे, त्याला दोन कार्डे हवीतच. कार्ड बिघडले तर वधूच्या बापाला काय तोंड दाखवणार? धंद्याचा कॅमेरा आणि माझ्यासारख्याचा कॅमेरा यांतला खरा फरक इथे आहे. मी स्वतःचे कार्ड घेऊन गेलो होतो. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या गोदामात, त्याच्या परवानगीने, दोन्ही कॅमेऱ्यांवर सारखेच फोटो काढले आणि घरी संगणकावर पाहिले. चित्रांत मला फरक दिसला नाही. सेन्सर तोच, मग दिसणार कसा?

मग मी पुन्हा फळ्याकडे वळलो. दोन बॉडींच्या किमतीत जो फरक आहे त्यात ३५ मिलिमीटर एफ/१.८ ची आरएफ लेन्स बसते. ती स्वतःच हात स्थिर ठेवते, म्हणजे आर८ ची ती उणीव भरून निघते. दर्ग्याच्या आत ३५ म्हणजे मला हवे तेवढेच अंतर. शिवाय ती जवळच्या वस्तूंचेही फोटो काढते, निम्म्या आकारापर्यंत. घराघरांत पेट्यांच्या तळाशी पडलेले मोडी आणि फार्सी कागद, सनदा, जुने निकाहनामे, उर्दू शाळांची हस्तलिखिते यांची चित्रे घेण्याचे काम मी दोन वर्षांपासून मनात धरून आहे. ते याच लेन्सने होईल. पावसासाठी प्लॅस्टिकचे आवरण आणि छत्री धरणारा एखादा उत्साही विद्यार्थी. एकच कार्ड आहे तर तासातासाने कार्ड बदलायचे, म्हणजे सगळी रात्र एकाच कार्डात अडकत नाही. ठरले, आर८ आणि ३५.

पैशांचेही सांगितले पाहिजे, कारण अनेकांचा प्रश्न तिथेच अडतो. दुकानात गेले की ‘नो कॉस्ट ईएमआय’ची पाटी समोर येते. व्याज नाही म्हणतात, मग हरकत काय? सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वातच नसते. कार्डावरच्या हप्त्यांत बँक व्याज लावतेच, तेवढीच सूट दुकान किंवा कंपनी किमतीत देते, आणि त्या व्याजावरचा जीएसटी बिलात येतो तेव्हा खरी गोष्ट उघडी पडते. व्याज न घेण्या-देण्याचा ज्यांचा निश्चय आहे त्यांनी पाटी नव्हे, बिल वाचावे. आमच्या शिक्षकांची १२ जणांची भिशी आहे, महिना १५ हजार. लिलावाची नव्हे, चिठ्ठीची. लिलावाच्या भिशीत जो लवकर उचलतो तो कमी रक्कम घेतो, आणि ते कमी घेणे म्हणजे वेगळ्या नावाचे व्याजच. चिठ्ठीच्या भिशीत प्रत्येकाला भरले तेवढेच मिळते. यंदा माझी चिठ्ठी निघाली, १ लाख ८० हजार. हिंदू-मुसलमान, सगळ्या सहकाऱ्यांच्या विश्वासावर माझा कॅमेरा येतोय.

आता ज्याच्याबद्दल मला सर्वांत जास्त विचारणा होते तो विषय, तस्वीर. आपल्याकडे काही बुजुर्ग अजूनही फोटो काढू देत नाहीत. उलेमांमध्ये याविषयी मतभेद आहेत, आणि हजच्या अर्जालाही फोटो लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्या वादात पडत नाही. माझा नियम साधा आहे. कॅमेरा वर उचलण्याआधी विचारायचे. ‘नको’ म्हटले की नको, पुन्हा विचारायचे नाही. बायकांच्या बाजूला मी जात नाही, तिथे माझी भाची मोबाईलने काढते आणि कुणाला काय द्यायचे ते तीच ठरवते. लहान, बिनआवाजी कॅमेरा हाती आला की न विचारता काढायचा मोह वाढतो. म्हणून कॅमेरा जितका गुपचूप, तितकी परवानगी उघड, हे मी स्वतःला बजावून ठेवलेय.

एवढी यातायात कशासाठी, असे घरातही विचारतात. वर्तमानपत्रांत आपला फोटो येतो तो ईदच्या दुसऱ्या दिवशी. पांढऱ्या टोप्या, गळाभेट, मागे मिनार. वाईट नाही, पण वर्षाचे बाकीचे दिवस आपण कुठे असतो? गुऱ्हाळावर असतो, तालमीच्या मातीत असतो, एसटीच्या स्टिअरिंगवर, शाळेच्या फळ्यासमोर, कुरुंदवाडच्या मशिदीत गणपती बसतो तेव्हा तिथे पाटावर फुले रचत असतो. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये शिकून मोठी झालेली जुनी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांचे चेहरे, त्यांची बसायची पद्धत, त्यांच्या हातातले पुस्तक बाहेरचा फोटोग्राफर येऊन टिपणार नाही. त्याला ते दिसणारच नाही.

आणि टिपून उपयोग काय, जर ते ज्याचे त्याला मिळाले नाही? एका उरुसात एका आजींनी मला दक्खनीत सुनावले होते, “फोटू तो निकाल्या रे, देता कब?” तेव्हापासून माझ्या हिशेबात छपाईचा खर्च कॅमेऱ्याच्या खर्चातच धरलेला असतो. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी घरांत कपाटापर्यंत पाणी चढले. पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी कागदपत्रे वाळत घातली, मग अल्बम. अल्बमची पाने एकमेकांना चिकटली होती, सोडवायला गेले की चेहरेच निघून येत. माझ्या एका विद्यार्थ्याच्या दादीचा एक फोटो माझ्या हार्ड डिस्कवर होता, दोन वर्षांपूर्वीच्या संदलमधला, ७००डी आणि ५० च्या लेन्सने काढलेला. दादी पुराच्या आधीच गेल्या होत्या. मी मोठा छापून दिला. त्या घरात आता त्यांचा तेवढाच एक फोटो आहे. त्याच्या काळ्या भागात ती रंगीत वाळू आहे, फोकस थोडा कानावर आहे. घरच्यांना त्यातले काही दिसत नाही.

म्हणून जे विचारतात त्यांना माझे सांगणे एवढेच. आधी कागदावर लिहा की येत्या वर्षात तुम्ही कुणाचे, कुठल्या जागी, किती उजेडात फोटो काढणार. मग लेन्स ठरवा. मग बॉडी. बिल पक्के घ्या, वॉरंटी भारतातली आहे का पाहा. पावसाळ्यात सामान हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, नाहीतर कोल्हापूरच्या ओलीत लेन्सला बुरशी धरते आणि ती काढायचा खर्च लेन्सपेक्षा जास्त. फोटो दोन डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात, शक्यतो वरच्या मजल्यावर. जुना कॅमेरा विकू नका, विकून फार येत नाही. माझा ७००डी ५० च्या लेन्ससकट शाळेत ठेवतोय, नववीच्या पोरांसाठी. त्यांना पहिले काम दिलेय, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून त्याचा एक फोटो काढायचा, आणि छापून त्याच्याच हातात द्यायचा.